दिर्चे, तिचं सूप आणि क्लबची वाईन

दिर्चे तीर्थयात्रेला निघाली की आमचे फादर इवो खूश व्हायचे. बाई नवऱ्यामागे देवाला लागली, असं त्यांना वाटायचं. फादर भोळे. दिर्चे लूर्दमातेपुढे गुडघे टेकायची ते जेमतेम मेणबत्ती पेटेपर्यंत. मग उठून पहिला भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारायची, "इथले लोक स्वतः काय पितात? पाहुण्यांना पाजता ते नको सांगू."

मी आफ्रो, गावचा न्हावी. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा ठेवून गप्पा मारल्या, त्यामुळे माझ्याशी सहसा कोणी खोटं बोललं नाही. दिर्चेच्या गळ्यावर वस्तरा ठेवायची वेळ कधी आली नाही, पण आम्ही शाळेत एका बाकावर होतो, म्हणून ती मला मुळीच मान देत नाही. तेव्हा हे जे लिहितोय ते खरं धरायला हरकत नाही.

आमच्याकडे थंडी पडली की गरम सूपमध्ये लाल वाईन ओततात आणि वाटी तोंडाला लावतात. सूप जांभळं होतं, वर चरबीचे डोळे तरंगतात. बाहेरगावचे लोक ते पाहून तोंड फिरवतात. फिरवोत. त्यात दिर्चेचा हट्ट असा की, खच्ची केलेल्या कोंबड्याच्या सूपमध्ये जिचा जीव टिकत नाही ती वाईनच नव्हे, मग ती कुठल्या राजाच्या तळघरातली का असेना. त्यामुळे ती सगळा युरोप थर्मास घेऊन फिरायची. फातिमाला गेली की पोर्तुगालच्या आतल्या डोंगरातली काळपट वाईन, सांतियागोला गेली की वाटेवरच्या स्पॅनिश खेड्यातली, मारियात्सेलहून ऑस्ट्रियाची मिरीसारखी झोंबणारी पांढरी. शेतकरी तिच्यापुढे पेला धरायचा, ही तो थर्मासच्या झाकणात ओतायची, वर सूप, आणि गटकन प्यायची. समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की कोणी त्याच्या पोरीच्या लग्नाच्या झग्याला शेंबूड पुसला.

पण जीभ होती बाईची. तिचं साधं गणित होतं. नाव झालेल्या दरीत पाय ठेवायचा नाही, तिच्या पाठीमागची दरी गाठायची; ऊन तेच, दगड तेच, फक्त लेबलावर किल्ला नाही. गावच्या सहकारी कोठारात जायचं आणि आपल्या पुढे रांगेत कोण आहे ते पाहायचं. कॅन घेतलेले म्हातारे असतील तर थांबायचं. वर छत्री धरलेला गाईड असेल तर काढता पाय घ्यायचा. पाण्यापेक्षा थोडी महाग अशी वाईन ती काचेच्या बुधल्यांत भरून आणायची आणि सीमेवर तपासणी झाली तर बसमधल्या प्रत्येक म्हातारीच्या नावावर थोडी थोडी दाखवायची. आमचा बोच्चे क्लब, म्हणजे म्हाताऱ्यांनी वाळूवर चेंडू घरंगळवायचे आणि एकमेकांच्या बायकांबद्दल बोलायचं ठिकाण, तिच्या या वाईनवर वर्षभर तरायचा. बदल्यात क्लब तिचं बसचं तिकीट काढायचा.

हे तिकीट म्हणजे बाईचा प्राण होता. तिचा नवरा ऑर्मेस कधी नदीपलीकडे गेला नाही आणि तिलाही जाऊ दिलं नाही. तो गेल्यावर मोज्यांच्या कारखान्याच्या पेन्शनवर ती फार तर आठवड्याच्या बाजारापर्यंत गेली असती. क्लबची खरेदी सुटली की बस सुटली, आणि बस सुटली की उरलेलं आयुष्य खिडकीतून धुकं बघत काढायचं.

अशात वाल्देस अध्यक्ष झाला. साठीचा, दात नवे, केस रंगवलेले; रंग मी लावत नाही, घरी लावतो, कानामागे डाग राहतो. या माणसाला मुलाने वाईन चाखायच्या वर्गाला घातलं, आणि तेव्हापासून तो पेला हातात आला की तो गरागरा फिरवतो, नाक बुडवतो, डोळे मिटतो आणि घोट तोंडात खळखळून चक्क थुंकतो. भर क्लबमध्ये, बादलीत. आमच्या बापजाद्यांनी आजारपणातही वाईन थुंकली नाही. ती बादली नंतर धुवायची कोणी, तर क्लबची केर काढणारी नोर्मा. ती मला म्हणाली, "आफ्रोभाऊ, गुरांचं शेण परवडलं."

वाल्देसने सभेत सांगितलं, "दिर्चेबाई, तुमचा मान राखून बोलतो. हे सूपबीप आता पुरे. मी कंपनीकडून पदकवाली वाईन मागवतो, घरपोच. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी तुमची नि माझी शेजारी ठेवू. क्लब ठरवेल पुढे खरेदी कोणी करायची."

"तुझी नाकात घालायची आहे ना, मग आम्हाला कशाला पाजतोस?" दिर्चे म्हणाली. पण घरी जाताना ती बसच्या थांब्यापाशी थांबून वेळापत्रक वाचत राहिली. 

सप्टेंबरात लूर्दची बस निघाली. मी तिच्या शेजारच्या सीटवर. एरवी मुक्कामाच्या मठात ती सूप पुन्हा उकळून घ्यायची. या वेळी मुक्काम पडला शुक्रवारी. मठातल्या स्वयंपाकीण नन म्हणाल्या, "शुक्रवारी आमच्या चुलीवर मांसाचं काही चढत नाही." दिर्चेने फादरना मध्ये घातलं, तर फादर ननच्या बाजूचे. त्यात बसचं एसी बंद पडलेलं, फ्रान्सच्या दक्षिणेतलं ऊन. शनिवारी तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि पुढच्या तीन रांगांनी खिडक्यांकडे माना वळवल्या. ओलं कुत्रं गंजलेल्या डब्यात कोंडलं तर तसा वास येईल.

"दिर्चे, सूप आंबलंय," मी म्हणालो.

"तुझं नाक आंबलंय. जन्मभर लोकांच्या डोक्याला ते पिवळं तेल चोळलंस, तुला काय वास येणार."

"अगं, बसला येतोय."

"बसला शेवटून दुसऱ्या सीटवरच्या इर्माचा येतो. तिने बूट काढलेत."

आता यात खोट एवढीच की इर्माने खरोखरच बूट काढले होते.

त्या दुपारी लांग्दोकच्या एका खेड्यातल्या कोठारात तिने तीन वाईन चाखल्या. तिन्ही मी नुसत्या प्यायलो. पहिली अशी होती की मला मेलेली आई आठवली. दिर्चेने ती त्या सडक्या पाण्यात ओतली, प्यायली आणि मान हलवली. "अंगात दम नाही. आंबूस होते." दुसरीलाही तेच. तिसरी वाईन म्हणजे कोठाराच्या कोपऱ्यातली, बहुधा शेतकऱ्याने व्हिनेगरसाठी ठेवलेली, जाड, तुरट, पितळ चाटल्यासारखी. एवढी उद्धट वाईन की आंबलेलं सूपही तिच्यापुढे दबून गेलं. दिर्चेचा चेहरा उजळला. "ही टिकते," ती म्हणाली. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. माझं कोण ऐकणार होतं. सगळे बुधले त्या तिसरीनेच भरले.

संत मार्टिनच्या दिवशी क्लबमध्ये चेस्टनट भाजले होते, मोठ्या पातेल्यात दिर्चेने केलेलं ताजं सूप होतं, टेबलावर पांढऱ्या वाट्या. आधी वाल्देसची पाळी. त्याने पदक सगळ्यांना दाखवलं आणि बाटलीच्या पाठीवरचं वाचून दाखवलं, "पिकलेली चेरी, चामडं, दूरवर तंबाखू."

"चामडं कोणाचं?" नोर्माने विचारलं.

सूपमध्ये पडल्यावर ती वाईन राखाडी झाली. वासाला नवं कपाट. लेआर्को सुतार आमच्या गावातल्या शवपेट्या करतो. तो एक घोट घेऊन म्हणाला, "हे वार्निश मी ओळखतो. दोन हात मारले की तीस वर्षं किडा लागत नाही." लोक हसले, पण गिळत होते.

मग दिर्चेची. ओतली तेव्हाच पातेल्याजवळचे मागे सरले. पहिल्या घोटाला सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले, कारण तोंड उघडलं तर आतलं बाहेर येईल अशी स्थिती. फादर इवोंनी रुमाल तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. इर्मा फुलांच्या कुंडीकडे गेली. ते झाड नंतर वाळलं. मला घशापासून बेंबीपर्यंत एक जळती, बुळबुळीत रेघ जाणवली. शिसारी म्हणतात ती ही.

दिर्चेने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि संपवली. सावकाश. तळ दिसेपर्यंत. मग ओठ पुसले.

"ही मी आणली?"

"तूच आणलीस," मी म्हणालो.

"आफ्रो, सूप आंबलं होतं का रे?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

"नीट सांगायला हवं होतंस," ती म्हणाली, आणि सगळ्यांकडे वळून, "घाण आहे. हिच्यापेक्षा वाल्देसचं कपाट बरं."

हात वर झाले. वार्निश निदान घशाखाली उतरतं, या एका मुद्द्यावर वाल्देस निवडून आला. तो लगेच म्हणाला, "बाई, तुमचे बुधले उद्यापर्यंत उचलून न्या. वासाने भिंती खराब होतील." माणूस जिंकल्यावर कसा दिसतो ते मी खुर्चीत बसवून अनेकदा पाहिलंय. इतका किळसवाणा क्वचितच.

हिवाळाभर दिर्चे क्लबमध्ये आली नाही. आम्ही पदकवाली प्यायलो. सूपला कपाटाचा वास, ढेकरेला कपाटाचा वास. लेआर्को म्हणायचा, आपण मेल्यावर पेटीची गरज नाही, आतून तयार झालोय.

मार्चात कळलं की तिने ऑर्मेसची मोटारसायकल विकली. जी त्याने कधी तिला शिवू दिली नव्हती. त्या पैशांत मेजुगोर्येच्या यात्रेच्या बसचं तिकीट काढलं, स्वतःचं. सोबत थर्मास नव्हता. एक छोटी गॅसची शेगडी आणि पातेलं होतं. रोज पहाटे हॉटेलच्या न्हाणीघरात कोंबडा शिजायचा. हॉटेलवाल्याने तक्रार केली, तर तिने त्यालाही वाटी दिली. परतली ती दोन बुधले घेऊन, डाल्मेशियाच्या बड्या दरीच्या पाठच्या दरीतले. तिने हाक मारून मला पाजली. मी पुन्हा वाटी पुढे केली.

दोन दिवसांत गावाला वास लागला. मागच्या दाराने लोक यायला लागले. दिर्चे कोणाला नाही म्हणत नव्हती. फक्त टेबलावर दोन वाट्या मांडायची. एकीत लांग्दोकची ती घाण, कारण ते सगळे बुधले आता तिच्याच तळघरात होते. "आधी ही," ती म्हणायची. "संपव. मग दुसरी." फादर इवोंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि प्यायले. इर्मा नाक धरून प्यायली. लेआर्को प्यायला आणि ओसरीवर थोडा वेळ बसून राहिला.

एका संध्याकाळी मी तिथे होतो तेव्हा दार वाजलं. वाल्देस. कानामागे डाग.

"सहज आलो होतो, दिर्चेबाई. पाय मोकळे करत होतो."

"बस रे पोरा."

तिने वाटी ठेवली. त्याने सवयीने ती गरागरा फिरवली, नाक खाली नेलं आणि वर आणलं. इकडेतिकडे पाहिलं.

"बादली नाहीये," दिर्चे म्हणाली.

त्याने डोळे मिटून ती रिचवली. गळ्याचा मणी वर गेला, खाली यायला तयार होईना, मग आला. डोळ्यांतून पाणी. मग तिने डाल्मेशियाची ओतली, वर सूप. तो प्यायला. चेरी नाही, चामडं नाही, तंबाखू नाही, एक शब्द नाही. वाटी टेबलावर ठेवून बोटं तिच्या कडेवरून फिरवत राहिला.

"अजून थोडी मिळेल?"

दिर्चेने लांग्दोकचा बुधला उचलला.