सगळी आई एका सीडीत

सदा गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला. "अंकल, पापा नहीं रहे," एवढंच म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत, आणि सदाला ते फार लागायचं. मी सेक्टर चौतीसमधून रिक्षा करून निघालो तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर मला त्याचा रागही येतो...

सदा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचा. मूळचा कराडकडच्या एका खेड्यातला, नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलेला. आईला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मायलेक कॅसेटवर बोलायचे. सुट्टीवर निघालेल्या एखाद्या मराठी फौजीच्या ट्रंकेतून सदाची कॅसेट गावाकडे जायची आणि येताना आईची यायची. म्हैस, पाऊसपाणी, भावकीतली भांडणं, सगळं त्यात. आई गेल्यावर त्या कॅसेटी त्याने तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले. टेपला बुरशी धरू लागली म्हणून सदाने सगळं एमपीथ्रीत घालायचं ठरवलं. मी म्हटलं, जरा वरची सेटिंग ठेव, जागा जास्त खाईल पण आवाज पुरा राहील. ती त्याला उधळपट्टी वाटली. "अरे यार, बोलणंच तर आहे, गाणं थोडंच आहे? सोळा केबीपीएस, मोनो. पक्का!" वर खरखर काढायची आणि बोलण्यातल्या रिकाम्या जागा गाळायच्या, या दोन्ही चौकटींतही त्याने खूण केली. उपकरणांतला नको तो आवाज हुडकून काढण्यात ज्याची नोकरीची सगळी वर्षं गेली, तो दुसरं काय करणार? सगळी आई एका सीडीत मावली म्हणून त्याने आम्हाला पिन्नीचे लाडू वाटले. कॅसेटी कबाडीवाल्याकडे गेल्या. चार सीडी लागल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

काही दिवसांनी तो चेहरा पाडून आला. शेवटच्या कॅसेटमध्ये आई विचारायची, "दिवाळीला येतूस का रं?" मग बराच वेळ गप्प. श्वास ऐकू यायचा, बांगडी किणकिणायची. मग म्हणायची, "न्हाई जमलं तरी चालंल." सीडीत ही दोन्ही वाक्यं एकमेकांना चिकटली होती. श्वास खरखरीबरोबर गेला आणि तिचं गप्प बसणं रिकामी जागा म्हणून गाळलं गेलं.

"यात ती मला लगेच सोडून देतीय रे," सदा म्हणाला. "तशी नव्हती सोडत ती."

त्या दिवाळीला तो गेला नव्हता. पुढची दिवाळी आईने पाहिली नाही. कबाडीवाल्याकडे आम्ही दोघं जाऊन आलो, पण माल कधीच पुढे गेला होता. शब्द तर सगळे आहेत ना, असं मी समजावायला गेलो.

नंतर ती फाइल ऐकताना तो कीबोर्डच्या लांब पट्टीवर बोट ठेवून बसायचा. "येतूस का रं?" झालं की पट्टी दाबायचा. आवाज थांबायचा. किती थांबायचं ते त्यालाच ठाऊक... मग पुन्हा दाबायचा.

परवा सदाच्या घरी गेलो होतो. वहिनींनी कॉम्प्युटर लावला. "येतूस का रं?" आलं आणि त्यांनी पट्टी दाबली. आवाज थांबला. थोड्या वेळाने त्यांचं बोट पुन्हा पट्टीकडे गेलं, तेव्हा दारात उभी असलेली मुलगी आत आली आणि तिने आईचा हात धरला.

"मम्मी, रुको... थांब ना," ती म्हणाली. "आजी अजून गप्प आहे."