कोरडी तोटी

पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेल्या पितळी तोटीला हात लागला, की औरंगाबादेतली जिल्हा परिषदेची ती सर्वसाधारण सभा आठवते. आम्ही पोरं मागं बसलो होतो. आमच्या भागातून निवडून आलेल्या सदस्यबाईंनी विचारलं, "नळयोजनेचा पैसा संपला, पाणी कुठंय?" पाणीपुरवठा खात्याचे साहेब बेधडक खोटं बोलले, "पाणी चालू आहे, ताई." बाईंनी पाचोडच्या बाजाराच्या पिशवीतून तोटी काढून टेबलावर आपटली. "गावातल्या नळाची हाय. सकाळी मीच खोलली. पाणी चालू असतं, तर मी अशी कोरडी आले असते व्हय?" सभागृह दणाणलं, आम्ही बाकं बडवली. "चौकशी करतो," साहेब पुटपुटले. "चौकशी नाय, तारीख सांगा!" तारीख घेऊनच त्या बसल्या. पाणी आल्यावर गावानं नवी तोटी बसवली, जुनी बाईंनी मला दिली. आजही कुणाला जाब विचारायला निघालो, की ती पिशवीत टाकतो.