हळद लागलेल्या नवऱ्याची पाठवणी

दापोलीहून उस्मानभाईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या घरी दाढी करत होतो. "अब्बा गेले, काका. नमाज झाली, चहा मागितला, आणि…" उस्मानभाई मागितलेला चहा न पिता गेले, म्हणजे बोलावणं फारच वरच्या ठिकाणचं असणार! त्याला आता पाच आठवडे झाले. रडू अजून नीटसं येत नाही, कारण आठवायला बसलं की आधी हसू येतं.

नव्वदच्या दशकात बर दुबईच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो. उस्मानभाई आमच्यात वडील. खोर फक्कान बंदरातून ट्रकने माल आणायचे. माझं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, बॅग भरून तयार होती, आणि सकाळी खिडकी उघडली तर दुबईच नाही! समोरची इमारत नाही, रस्ता नाही, नुसता चहाच्या रंगाचा पडदा. वारा अख्खं वाळवंट उचलून शहरात ओतत होता. खाडीतल्या होड्या बांधलेल्या, मीना बाजारची शटरं खाली, आणि विमानतळ बंद. नवरदेव दुबईत, मांडव चिपळुणात…

आईचा फोन आला. "उद्या हळद आहे रे. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची, तर इथे नवराच नाही! तिचे काका म्हणतात, लग्न पुढे ढकला." पुढे म्हणजे पुढच्या वर्षी, कंपनीने सुट्टी मोजून दहा दिवसांची दिली होती. तोवर मुलगी थांबते की नाही, कोण जाणे.

"मग इथेच लावू की! यल्ला, चला!" उस्मानभाईंनी माझ्या हातातला चालू फोन खाटेवर ठेवला, स्वयंपाकघरातून डबा आणला आणि चौघांनी मिळून मला पिवळा केला. पुढच्याच मिनिटाला मी बोंब ठोकली. ती सुरमईला लावायला कालवलेली हळद होती, मीठ-मिरचीसकट!

"रडतोस का रे?" फोनमधून आई.

"आई, आग होतेय!"

"होऊ दे. लागली ना? मग उद्या तिलाही लावतो आम्ही."

दुसऱ्या सकाळी वारा पडला, विमानं सुटू लागली. मी टॅक्सीकडे निघालो, तर उस्मानभाई आडवे आले. "हळद लागलेल्या नवऱ्याला एकटं सोडतात काय? आमच्यात नाही, तुमच्यातही नाही." कामावर खाडा करून ते ट्रकमधून विमानतळावर आले. आतल्या दाराशी शिपायाने त्यांना अडवलं, तेव्हा त्यांनी रांगेतल्या एका केरळी गृहस्थाला पकडलं. "भाईसाब, दूल्हा है. अकेला मत छोड़ना." त्या सज्जनाने हे इतकं मनावर घेतलं की विमानात शौचालयाच्या दारापर्यंत माझ्यासोबत आला. मुंबईत माझा हात माझ्या भावाच्या हातात दिला, मगच स्वतःच्या बॅगा शोधायला गेला.

लग्नाच्या सकाळी मी मांडवात पोचलो. तोंड पिवळं, डोळे लालभडक. बायकोला वाटलं, आपल्या गळ्यात पडायचं म्हणून हा रात्रभर रडलाय.

पुढे ती दुबईला आली. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला पहिला फोन उस्मानभाईंचा. दापोलीला कायमचे परतल्यावरही. माझ्याशी बोलायचेच नाहीत. ट्रकवाल्यांची रीत म्हणे, माल पोचला का हे ज्याच्याकडे पाठवला त्यालाच विचारायचं. "वहिनी, माल मिळाला ना? तूटफूट काही?"

"मिळाला, भाई. परत नेता का?"

"खलास! आता परत नाही!"

गेल्या आठवड्यात तो दिवस आला. सकाळपासून बायको फोनच्या आसपास घोटाळत होती. लेकीने विचारलं, "ममा, हू आर यू वेटिंग फॉर?" बायकोने फोनकडे पाहिलं, मग मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाली,

"मिळाला हो, भाई. धड आहे."