आंब्याचा इथे काय संबंध?

"आधी लॉग बघूया, मग बोंबलूया," असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि कीबोर्डापुढे बसायच्या. हात स्वच्छ असले तरी पुसायच्या. समोर प्राचार्य आरडाओरडा करत असोत की परीक्षा विभाग रडत असो, या क्रमात फरक पडत नसे.

लॉग म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या कॉलेजचा ईमेल सर्व्हर प्रत्येक पत्राची एक ओळ आपणहून लिहून ठेवायचा. कुणी पाठवलं, किती वाजता निघालं, समोरच्याने घेतलं की दारातून परत धाडलं. मी ऑफिसात मुख्य लिपिक, बाई कॉम्प्युटर लॅबच्या सहायक. पद एवढंच, पण सगळ्या कॉलेजचा पत्रव्यवहार त्यांनी एकटीने उभा केला होता. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्यावाचून काही चालत नाही आणि ज्याचं नाव स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत कधी छापत नाहीत.

सर्व्हर म्हणजे जिमखान्याच्या खोलीत, क्रिकेटच्या पॅडांशेजारी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. फुकटच्या ईमेल सेवा असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

"भाऊसाहेब, पोरांचे दाखले, गुणपत्रकं, सगळं दुसऱ्याच्या पडवीत किती दिवस ठेवायचं? उद्या त्याने पडवी बंद केली, मग?"

मशीन मांडणं दोन दिवसांचं काम होतं. खरं काम पुढेच निघालं. आमची पत्रं जात, पण मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर ती स्पॅममध्ये, म्हणजे ईमेलच्या उकिरड्यात टाकत. कारण बाईंनी हुडकलं. आमच्या सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सापडत होता, पण पत्त्यावरून नाव सापडत नव्हतं, म्हणून समोरचे आम्हाला तोतया समजत. ही उलटी नोंद फक्त इंटरनेट पुरवणाराच करू शकतो. त्यांच्या कचेरीत बाईंनी इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई न विचारता पाणी आणून द्यायला लागला. साहेबाला मागणीच कळेना. "वायर बदलून देऊ का?" असं तो दर वेळी विचारी. शेवटी अर्ज, त्यावरचा शेरा आणि मंजुरीचं पत्र, तिन्ही बाईंनीच लिहून सहीसाठी त्याच्यापुढे ठेवली.

एकदा वादळात दोन दिवस वीज नव्हती. मी हबकलो. "दोन दिवसांची पत्रं बुडाली की हो!"

"नाही वो बुडत. चांगल्या घरचे सर्व्हर असतात ना, ते दार बंद दिसलं तरी चार-पाच दिवस परत परत येऊन बघतात. एकदाच येऊन पळतात ते जाहिरातवाले."

वीज आली आणि खरंच एकेक पत्र येऊ लागलं. बाई स्क्रीनकडे बघून प्रत्येकाला "या, या" म्हणत होत्या.

इथपर्यंत मी हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना माझं डोकं आजही फिरतं.

संस्थेच्या कार्याध्यक्षांच्या हापूसच्या बागा. ऐन हंगामात त्यांनी मला बोलावलं. "माजी विद्यार्थ्यांचे ईमेल आहेत ना आपल्याकडे? सगळ्यांना एक पत्र टाका. कॉलेजच्या पत्त्यावरून जाऊ दे, लोकांचा विश्वास बसतो." पत्र कसलं, आंब्याच्या पेट्यांची जाहिरात! बाईंना कळलं तशा त्या धावत आल्या.

"साहेब, चार हजार पत्रं एकदम सोडू नका. लोक तक्रार करतील, आपला पत्ता काळ्या यादीत जाईल. मग कॉलेजचं खरं पत्रसुद्धा कुणी घेणार नाही."

"बाई, आंबा आहे, विष नाही," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. आणि पाठवायचं बटण मीच दाबलं.

काळ्या यादीत जायला दोन तास पुरले. बाहेर पडायला तीन आठवडे गेले. बाई एकेका कंपनीला विनंतीअर्ज लिहीत बसल्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. चूक कुणाची आणि नाकदुऱ्या कोण काढतंय! मी चहा पीत बघत असे. त्यांनी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवला होता, 'महत्त्वाचं पत्र पाठवलंत तर पोचलं का, ते फोन करून विचारा.'

त्याच दिवसांत हातखंब्याच्या एका मुलीच्या पदवीची पडताळणी मागणारं पत्र आलं. रसायनशास्त्रात पहिली आलेली, मस्कतच्या एका प्रयोगशाळेत निवड झालेली मुलगी. कॉलेजचं उत्तर दहा दिवसांत हवं होतं. आम्ही त्याच दिवशी पाठवलं. समोरच्या सर्व्हरने ते घेतलं आणि उकिरड्यात टाकलं. परदेशी फोनला परवानगी लागते, ती कोण मागत बसणार, म्हणून मी फोन केला नाही. मुलीची जागा दुसऱ्याला गेली. तिचे वडील येऊन माझ्या टेबलावर हात आपटून गेले.

चौकशी बसली. बाई लॉगचे छापील कागद घेऊन आल्या. "हे बघा, पत्र त्याच दिवशी निघालंय. समोरच्यांनी घेतलंय. आणि ही त्याच्या आधीची आंब्याची चार हजार पत्रं."

"आंब्याचा इथे काय संबंध?" कार्याध्यक्ष गरजले. मग माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्हाला कळतं का हो यातलं काही?"

मला त्यातली ओळ न् ओळ वाचता येत होती. त्या चार हजार ओळींवर पाठवणारा म्हणून माझंच नाव होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कागदांची घडी घातली आणि त्या खाली बसल्या. 'संगणक सहायकांच्या निष्काळजीपणामुळे' असं मुलीला लेखी कळवण्यात आलं. त्या पत्रावर शिक्का मी मारला. कार्याध्यक्षांना नालायक म्हणायला आता मला जोर चढतो, कारण ते पायउतार झालेत आणि मी निवृत्त आहे. जाळायचाय काय असला राग? बोलायचं तेव्हा माझी दातखीळ बसली होती.

बाईंनी राजीनामा दिला. जाण्याआधी आठवडाभर बसून जुनी पत्रं नव्या विकतच्या सेवेवर हलवून दिली, एकही न हरवता. निरोप समारंभ झाला नाही. त्या दापोलीकडे मुरुडला बहिणीकडे राहायला गेल्या. गेल्या दिवाळीत तिथेच वारल्या, हे मला बाजारात मासे घेताना कुणीतरी सांगितलं. मी पापलेटं घेऊन घरी आलो, जेवलोसुद्धा. मग स्वतःची शिसारी आली.

पंधरा दिवसांनी हातखंब्याला गेलो. ती मुलगी हमरस्त्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर बारावीचे क्लास घेते. पोरं गेली होती, ती फळा पुसत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आंबे, बटण, न केलेला फोन, 'नाही साहेब.'

"मला ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. "बाई तेव्हाच आल्या होत्या घरी, कागद घेऊन. बाबांना सगळं समजावून दिलंन. एक नाव तेवढं शाईने खोडलेलं होतं. आम्ही विचारलं, तर बोलल्या, तो माणूस वाईट नाही, स्वतः येऊन सांगेल, वायच वाट बघा."

मी पहिल्या बाकावर टेकलो.

"सहा वर्षं झाली, सर," ती म्हणाली, आणि उरलेला फळा पुसायला लागली.