सड्यावरच्या गवतात आज

मंडळी, आज सकाळचंच सांगते. थंडीत रोज सकाळी मी आमच्या पूर्णगडच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी माळावर, बसून एक छोटं तैलचित्र करते. आज वाळलेलं गवत रंगवत होते.

एका ठिकाणचा तांबूस रंग काही केल्या जुळेना. मान वर करून नीट पाहिलं, तर त्या रंगाने कान हलवला. बिबट्या!

सोबत आलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "गो, धावू नको. तोंड तिकडेच ठेव नि मागे मागे ये."

तशाच आम्ही घरी पोचलो.

दुपारी चार माणसं घेऊन सामान आणायला गेलो. चित्र पालथं पडलं होतं. शेजारी ओल्या रंगात उमटलेले पंजे आमच्याच वाडीच्या वाटेला लागले होते.

आता अंधारतंय. आमच्या गोठ्याला दार नाही. तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?