दुसरं टोक

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळायचं. "अहो, जोर लावा की!" ती म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

मला तिचा विसर पडावा म्हणून मित्रांनी नॉर्वेतल्या बर्गनला आणलं. तिचा विषय कुणी काढत नाही.

धक्क्यावर एक म्हातारं जोडपं बोटीवरची ओली ताडपत्री दोन्हीकडून धरून घडी घालत होतं.

"लेका, डोंगर बघ की! ताडपत्री काय बघतोस?" दामू म्हणाला.

आमचा संसारही तसलाच. बोलणं फार नव्हतं, पण पलीकडून कुणीतरी धरलंय हे हाताला कळायचं. आता कळत नाही. आणि हे म्हणतात, विसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी म्हटलं, "मला शांताबद्दल बोलायचंय." लग्नातल्या उखाण्यानंतर तिचं नाव घेतलं ते तेव्हाच.