आक्कांचं चाखणं

पिठाचा कण जिभेच्या टोकावर ठेवायचा, डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची. भोवतालच्या बाया लाटणी हातात धरून गप्प. मग निकाल यायचा, "आखो चिमूटभर!" आणि पापडाच्या पिठात आणखी मीठ पडायचं.

नंदुरबारच्या आमच्या गल्लीत आक्कांनी चाखल्याशिवाय कुणाच्या घरी पापड लाटले जात नसत. होळी झाली की त्यांना घराघरांतून बोलावणं. पीठ भिजवल्यावर एकदा, कुटल्यावर एकदा, आणि खात्री म्हणून शेवटी तेलात बुडवलेली अख्खी लाटी!

गल्लीच्या तोंडाशी माझा दवाखाना होता. चक्कर येते म्हणून आक्का आल्या, मी दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाब चांगलाच चढलेला. सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि मीठ, लोणचं, पापड बंद केलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. तिला शेवटपर्यंत आक्कांनीच भरवलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊ, माले तशी खाटवर पडू देऊ नका."

बाई शब्दाची पक्की. लग्नाच्या पंगतीतसुद्धा घरची अळणी भाजी-भाकरी घेऊन बसायची. गोळ्यांचं मात्र, "डोकं दुखत नही, मंग गोयी कसाले?" मी रागावलो, तेव्हापासून तुळशीला पाणी घातलं की गोळी, असा नेम धरला. पावसाळ्यात दाब उतरला. मी खूश. उन्हाळा लागला आणि तो पुन्हा चढला. गोळ्या वाढवल्या, उपयोग शून्य. चोरून लोणचं खाता का, असं विचारलं, तर त्यांनी कुलदैवताची शपथ घेतली.

एक दिवस सकाळी विसरलेली बॅग न्यायला घरी परतलो. आमच्याच स्वयंपाकघरात आक्का डोळे मिटून लाटी खात होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आक्का! मीठ सोडलंय ना?"

"सोडी दिधं शे ना, भाऊ! हाई खानं थोडंच शे? हाई ते चाखनं शे."

पिठात मीठ होतंच, वर पापडखार म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ, आणि अशी कितीतरी घरं सकाळपासून दुपारपर्यंत. मला हसू आवरेना, रागही आवरेना. उद्यापासून हे बंद, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मंग मन्हं या गल्लीमा काय काम ऱ्हायनं?" मी बॅग उचलून निघालो. फार वाईट वाटलं.

काही दिवस त्या कुठे दिसल्या नाहीत. मग एका सकाळी सुनेला घेऊन आमच्या ओट्यावर हजर. या सुनेच्या हातची फोडणी त्यांना आजवर पसंत पडलेली नव्हती. "आते हाई चाखी. मी दखसू." सुनेनं कण जिभेवर ठेवला. आक्का तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. तिची भुवई जरा हलली, आणि सासूनं निकाल दिला, "आखो चिमूटभर!"

त्याच उन्हाळ्यात दाब उतरला. पुढेही काबूत राहिला. सून चाखायची, सासू बोलायची, गल्ली पापड लाटायची. आक्का पुष्कळ वर्षं जगल्या. एका थंडीत तुळशीला पाणी घालून ओट्यावर टेकल्या, त्या तिथेच गेल्या. खाटेवर एक दिवसही पडल्या नाहीत.

होळीनंतर आमच्याकडे पापड घातले. सुनेनं पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि सवयीनं कोपऱ्यातल्या आक्कांच्या पाटाकडे तोंड केलं. बाया थांबल्या. मीही दारात थांबलो. पाट रिकामा होता.

मग ती डोळे उघडून हळूच म्हणाली, "आखो चिमूटभर."